पहिल्या पायरीचे पाणी

पाण्याचा स्वभाव खाली जाण्याचा आणि माणसाचा वर बसण्याचा. या दोन स्वभावांची गाठ जिथे पडते, तिथे मंडळ स्थापन करावे लागते. ग्वाल्हेरला फूलबागेमागच्या गंगाजळी हौदाचे मंडळ असेच स्थापन झाले.

हौद सामायिक होता. घराणी अकरा, पायऱ्या अकरा. इतर गावचे लोक पाळी लावून वार वाटून घेतात. दक्षिणेतून आलेल्या आपल्या मंडळींनी पायऱ्या वाटून घेतल्या. गोमुखातले ताजे पाणी आधी वरच्या पायरीला लागे, म्हणून ती सरदारांची. तिच्याखाली मानकरी, पुरोहित, शिलेदार, आणि सगळ्यांची अंगे धुऊन झालेले पाणी जिथे निवांत पडे ती अकरावी पायरी, दरबारात छत्री धरणाऱ्यांची. (भरल्या हौदात अकराव्या पायरीवर उभे राहणाऱ्याच्या डोक्यावरून पाणी जाई. त्यामुळे त्या घराण्यात सगळेच पट्टीचे पोहणारे निघाले. व्यवस्था अशी गुणांना वाव देते.) दुसऱ्याच्या पायरीवर पाऊल टाकायचे नाही, आणि वर्षातून एकदा तरी आपली पायरी ओली करायची, नाहीतर हक्क गेला.

पहिली पायरी जयसिंहरावांची. म्हणजे हौदातला सर्वांत मोठा मान आणि घोट्याएवढे पाणी. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात रावांचे गुडघे कधी भिजले नव्हते. लहानपणी ते रेशमी लंगोटीत घोटे बुडवून उभे राहत, आणि खाली छत्रीवाल्यांची पोरे सूर मारून मासोळीसारखी वर येत. तेव्हापासून रावांची एकच इच्छा होती: एकदा, फक्त एकदा, गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहायचे. ही इच्छा त्यांनी पत्नीखेरीज कोणाला सांगितली नव्हती, कारण ती दहा पायऱ्या खालची होती.

पाणी बैलांच्या मोटेने येई आणि बैल देखभालीच्या वर्गणीवर जगत. पुढे संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला. (त्याची राजधानीही पाळीची: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दिल्लीने आपला कित्ता गिरवला, असे मंडळाने समाधानपूर्वक नोंदवले.) मग जहागिरी गेल्या. वरच्या पायऱ्यांनी एकमताने ठरवले की वर्गणी ही पाणी वापरणाऱ्याने द्यायची असते आणि मान असणाऱ्याने ती मागायची असते. बैलांच्या जोड्या घटत घटत सुभेदार नावाचा एकच बैल उरला. पाणी दरसाल दोन पायऱ्या खाली उतरले. सभासद एकही पायरी उतरले नाहीत.

हक्क टिकवायला पायरी ओली करणे भागच होते. म्हणून जयसिंहराव दर वैशाखात दौलतगंजातून टांग्यात घागर घालून निघत.

"सरकार, पानी लेके नहाने जा रहे हो?" टांगेवाल्याने एकदा विचारले.

"तू घोड्याकडे बघ," राव म्हणाले. "ये हक का मामला है."

घरी अनसूयाबाई जात्याच्या चालीवर गुणगुणत:

राव न्हायाला निघाले, टांग्यामधी गं घागर
हौद म्हणतो रावांना, मला पाजा घोटभर

"हे मोठ्याने म्हणू नका," राव म्हणत.

"बरं. हळू म्हणते. पण अहो, उतरा ना एकदा खाली. कोण बघतंय?"

"दहा जण बघतात. तेवढ्यासाठीच तर येतात ते."

शेवटी पाणी उरले फक्त अकराव्या पायरीवर. तिथे छत्रीवाल्यांचा बळवंत, सचिवालयातला कारकून, गळ्याएवढ्या पाण्यात बसून वरच्या दहा कोरड्या महापुरुषांकडे पाहत असे. वर्गणी तो एकटाच भरी. (भिजणारा तो एकटाच होता, तेव्हा हे न्याय्यच होते.)

"काकासाहेब," तो खालून ओरडे, "या की! पाणी काय मस्त गार आहे!"

"तुझं चालू दे," वरून उत्तर येई, आणि रावांच्या पाठीवरचे घामोळे चरचरे.

छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागून फाइली गेल्या आणि फाइलींमागून बळवंत गेला. जाण्याआधी त्याने सभेत विचारले, "मी चाललो. सुभेदाराची वैरण आता कोण बघणार?" अध्यक्ष भालचंद्रशास्त्री पाचव्या पायरीचे. त्यांनी निर्णय दिला की विषय बैलाचा असल्याने तो सभेच्या इतमामास साजेसा नाही. बळवंताने हसून बैल विकला.

फाल्गुनात सभेपुढे खरा प्रश्न आला: अकरावी पायरी रिकामी. ती प्रत्येकाला हवी होती, म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सुचवले आणि प्रत्येकाने आपला अपमान झाल्याचे सांगितले. तेव्हा जयसिंहराव उठले. तर्क पक्का होता.

"देशाची पुनर्रचना होते, तर पायऱ्यांची का होऊ नये? मोजणी खालून सुरू करा. तळाची ती पहिली. मी पहिलीचा मानकरी; पहिली जिथे जाईल तिथे मला जावं लागेल. माझा इलाज नाही."

असा त्याग मंडळाने पूर्वी पाहिला नव्हता. भालचंद्रशास्त्र्यांचे डोळे पाणावले. (त्या वर्षी मंडळाच्या हद्दीत नोंदले गेलेले हे एकमेव पाणी.)

वैशाखात, भर उन्हात, राव निघाले. टांग्यात घागर नव्हती. टांगेवाला सारखा मागे वळून बघत होता. घाटावर उरलेले नऊ सभासद आपापल्या नव्या जागी उभे होते. स्नानाच्या वेळी चष्मा घालणे मंडळाला मान्य नव्हते, आणि नवांपैकी आठांना मोतीबिंदू होता. राव एकेक पायरी उतरले. भिंतीच्या सावलीत त्यांनी डोळे मिटून पाऊल टाकले.

धूळ उडाली.

राव खाली बसले. सावलीतही फरशी तापलेली होती. एका फटीत बळवंताची झिजलेली वजरी अडकली होती. ती त्यांनी हातात घेतली आणि टाच घासली. डोके तेवढे वरून दिसत असावे, कारण वरून भालचंद्रशास्त्र्यांची हाक आली:

"जयसिंहराव! पाणी कसं आहे?"

रावांनी वर पाहिले. नऊ माना वाकल्या होत्या, नऊ चेहऱ्यांवर पासष्ट वर्षांची त्यांचीच तहान होती. बैलाचा विषय काढायची हीच वेळ होती. पण पहिल्या पायरीवरून 'कोरडे' हा शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता.

"गार!" राव ओरडले. "गळ्यापर्यंत!" आणि दोन्ही हात त्यांनी पोहल्यासारखे हलवले.

वर एकच हळहळ उठली. त्या संध्याकाळी नऊही सभासदांनी थकलेली वर्गणी भरली, आणि आपला क्रमांक कधी लागेल याची चौकशी केली. पैशातून बैल आणावा असे रावांना वाटले. पण पाणी गळ्यापर्यंत असताना बैल कशाला, हे सांगणे अवघड होते. मंडळाने घाटाला रंग लावला.

घरी अनसूयाबाईंनी रावांचा कोरडा पंचा वाळत घातला. जात्यावर त्या दिवशी ओवी नव्हती.

मंडळ आजही आहे, वर्गणी वेळेवर येते आणि दरवर्षी सर्वांत पुढच्या जागेसाठी अर्ज वाढतात. वाचकहो, आपण हसत असाल तर हसा. फक्त ज्या जागी बसून, जिची वर्गणी भरून, शेजाऱ्याला 'झकास आहे' म्हणून सांगता, तिथे एकदा खाली हात लावून पाहा. आणि ओले लागले, तर बैलाला वैरण कोण घालतो तेही विचारा. तो बदलीवर जाण्याआधी.