काखेतली बॅटरी

नाना सप्रे काखेत बॅटरी लावून फिरतात. आपण तापात थर्मामीटर लावतो तसे. फरक इतकाच, की ताप नानांना नसतो, त्यांना बघणाऱ्याला येतो. "सेलला गारठा बाधतो रे," म्हणत ते एक हात अंगाशी घट्ट धरून गंगेकाठच्या दुर्गाघाटाच्या गल्लीतून चालतात. नमस्कार दुसऱ्या हाताने. नवखे लोक हळहळतात, की बिचाऱ्यांचा हात गेला.

नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा भाडेकरू. त्यांनी रिमोटवर चालणारी हातभर लांबीची होडी बांधली आहे. तिचं सुकाणू फिरवणारी काड्यापेटीएवढी मोटर म्हणजे सर्व्हो. या सर्व्होला कोणती बॅटरी द्यावी, या काळजीत नानांचे दोन महिने गेले, आणि माझेही.

दुकानदार लिथियमची बॅटरी पुढे करायचा. "नाना, इसमें जान बहुत है." नानांना भीती त्या जानेचीच. सर्व्होला झेपणार सहा व्होल्ट, आणि ही भरली की आठाच्या वर. मोटर जागच्या जागी जळायची. साधे सेल नवे असताना गोड बोलतात, जोर पडला की मान टाकतात. शेवटी चार्ज होणारे पाच सेल ठरले, मिळून बरोबर सहा व्होल्ट. ठरल्यावरही नाना पहाटे माझं दार वाजवून विचारायचे, "पाच पुरतील ना रे?" मी झोपेत हो म्हणायचो. त्यावर विश्वास न ठेवता ते परत वर जायचे.

काळजीला कारण होतं. त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे धाग्यांची वात गंगेवर लावायची, हा नानांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, लग्नापासूनचा नेम. यंदा गुडघ्यांनी पायऱ्या नाकारल्या. मग नानांनी जाहीर केलं, तू खिडकीत बस, तुझा दिवा मी गंगेवर फिरवून परत आणतो. दिवा चांदीचा, काकूंच्या आईचा. तो गेला तर नानांनी कुठे तोंड लपवायचं?

पौर्णिमेला, गर्दी व्हायच्या आत, आम्ही घाटावर उतरलो. वात पेटली, होडी निघाली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. वर खिडकीत काकूंचे हात जोडलेले. तेवढ्यात एका मोटरबोटीच्या लाटेने होडीला हिसका दिला आणि होडीने ऐकणंच सोडलं. सुकाणू गप्प, त्याच बॅटरीवरचं इंजिन गप्प. दिवा सरळ राजघाटच्या पुलाकडे निघाला.

नाना रिमोटच्या काड्या फिरवत होते आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होते. तो मंत्र होता की व्होल्टचा हिशेब, मला कळलं नाही. लल्लन नाववाला वल्हं उचलत म्हणाला, "नाना, आपकी नाव तो कलकत्ता चली." पण गेला बिचारा, आणि ब्रह्माघाटाच्या पुढून होडी धरून आणली. दिवा शाबूत, वात विझलेली.

नानांनी बॅटरीचं झाकण उघडलं. पाचही सेलच्या दोन्ही टोकांना ओल्या हळदीकुंकवाची बोटं वाळून बसली होती. स्प्रिंगांनाही. निघण्यापूर्वी काकूंनी बॅटरीची यथासांग पूजा केली होती. त्या थरामुळे सेल स्प्रिंगांना काठावर कसेबसे टेकत होते, हिसक्याने सुटले.

मी तोंड उघडणार, तोच नानांनी माझं मनगट धरलं. त्या काखेतल्या हाताने.

वर गेलो. काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. "अहो, वात विझली. माझ्या पूजेत काही चुकलं का?"

"पूजेत काय चुकतंय?" नाना म्हणाले. "बॅटरी मी चुकीची घेतली."

दोन महिने अख्ख्या गल्लीला सहा व्होल्टचं प्रवचन देणारा माणूस हे म्हणाला. काकूंनी सुस्कारा सोडला. मग जरा सावरून, "मी म्हणतच होते, तुम्हाला कोणाचं ऐकायला नको. पुढच्या खेपेला दुकानदाराला विचारून घ्या."

"विचारतो."

काकू चहा टाकायला आत गेल्या. नानांनी एकेक सेल धोतराच्या सोग्याने पुसला, स्प्रिंगा खरवडल्या. सुकाणू थरथरलं, वळलं. मग ते देवघराशी गेले, कुंकवात बोट बुडवलं आणि झाकणावर बाहेरून, तारेपासून चांगलं लांब, एक ठळक टिकली लावली.

"कुंकू आहे का, ते ती बघते रे," माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि वात पुन्हा पेटवायला काड्यापेटी शोधू लागले.