लाल जेली, निळी जेली

लोकशाही ही मुळात पोटाची बाब आहे. हे सत्य राज्यशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही, कारण ते ग्रंथ बहुधा भरल्या पोटी लिहिले जातात. अमेरिकेत जॉर्जियातल्या अल्फारेटाचे निवृत्त पूल-इंजिनियर जगन्नाथराव उपासनी यांना मात्र ते २००४च्या नोव्हेंबरात, हॉस्पिटलच्या खाटेवर, रिकाम्या पोटी उमगलं.

पित्ताशय काढायचं होतं. दुर्बिणीतून होईल म्हणाले होते, पण आत गेल्यावर बेत बदलला आणि पोट चांगलं वीतभर उघडावं लागलं. (बेत बदलण्याची मुभा सर्जनला आयत्या वेळी असते, मतदाराला चार वर्षांनी.) ऑपरेशन उत्तम झालं. घरी सोडण्यासाठी आता एकच अट उरली होती: पेशंटला वारा सरला पाहिजे. तोवर घन आहार नाही आणि डिस्चार्जच्या कागदावर सही नाही.

त्या वाऱ्यावर एक मत अडून बसलं होतं. जगन्नाथरावांनी अर्धं आयुष्य ग्रीन कार्डावर काढून त्याच वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली होती, आणि तीही केवळ मत देता यावं म्हणून. टपालाने मत पाठवायची मुदत भुलीच्या गुंगीत निघून गेली. मतदान मंगळवारी, केंद्र संध्याकाळी सातला बंद. मंगळवार उजाडला, दुपार झाली, तरी वाऱ्याचा पत्ता नव्हता. समोर टीव्हीवर दोन्ही पक्षांचे प्रवक्ते सकाळपासून अखंड मोकळे होत होते. जगन्नाथरावांना त्यांचा मनापासून हेवा वाटला.

अशा अवस्थेत माणूस चिंतन करतो. द्विपक्षीय लोकशाही कालबाह्य झाली आहे, हे त्यांचं मत जुनंच होतं; आता त्याला भरपूर सवड मिळाली. ही पद्धत घोडागाडीच्या जमान्यातली. गाडी बदलली, घोडे तेच दोन. मेथी घेतानासुद्धा आपण चार जुड्या उलटसुलट करून पाहतो, आणि इथे अख्खा देश दोन जुड्यांवर भागवतो. त्यांच्या पाहणीनुसार (पाहणीत सहभागी: एक, ते स्वतः) शंभरातल्या नव्वदांना दोन्ही उमेदवार नापसंत असतात आणि उरलेल्या दहांना ते कोण हेच ठाऊक नसतं. तेव्हा आपण तिसऱ्याला मत देणार, असं त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला माइकवरून जाहीर केलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. (त्या मसाला दुधाला होत्या असंही काहींचं म्हणणं आहे.)

हॉस्पिटलातली व्यवस्थाही द्विपक्षीयच होती. ऑपरेशननंतर पेशंटला सूप म्हणून कोंबडीचं पाणी मिळे किंवा गाईचं. शाकाहारी हा तिथला तिसरा पक्ष: त्याची रीतसर नोंद होते आणि डिपॉझिट जप्त होतं. मग डोरीन नावाची प्रेमळ मदतनीस त्यांच्यापुढे जेलीच्या दोन वाट्या धरी आणि विचारी, "रेड ऑर ब्लू, मिस्टर जे?"

जगन्नाथरावांनी हा प्रश्न हलक्यात घेतला नाही. लाल जरा घट्ट, पण गोडीला कोती. निळी आश्वासक, पण मागाहून जिभेवर रेंगाळणारी. सकाळी लाल, संध्याकाळी निळी असं त्यांनी ठरवून टाकलं. सत्तांतर शांततेत होई. टीव्हीवरचा अंदाजांचा नकाशाही दोन पक्षांच्या ह्याच दोन रंगांनी भरलेला होता. डोरीनने एकदा चुकून लागोपाठ दोनदा लाल आणली, तेव्हा त्यांनी लोकशाही मूल्यांवर तिला बरंच ऐकवलं. तिने वाटी बदलून दिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डब्यावरचं बारीक अक्षर वाचून त्यातला मांसाहार हुडकण्यात जगन्नाथरावांचा हात धरणारा माणूस जॉर्जियात नव्हता. दुकानात उभं राहून मंडळातला अमेय फोन करी, "काका, ह्या टॉर्टियात लार्ड असतं का?" काका घरबसल्या सांगत. थेट टेक्सासातल्या फ्रिस्कोहूनही फोन येत. डुकराची चरबी, चीजमधलं वासराच्या पोटातलं रेनेट, हाडांचा अर्क, त्यांच्या भिंगातून काही सुटत नसे.

चारच्या सुमारास सुमित्राबाई आल्या, बरोबर मुलगी देवयानी. सुमित्राबाईंनी वाटी उचलून उजेडात धरली.

"अहो, हे हलतंय कशानं?"

"जेली आहे. निळी. लालपेक्षा जरा बरी."

"ते झालं. पण आहे कशाची?"

जगन्नाथरावांनी चमचा थांबवला. देवयानी आईकडे पाहत हळूच म्हणाली, "बाबा, इट्स जेलटिन. बोन्स. त्याच्याचपायी तुम्ही मला लहानपणी एकसुद्धा मार्शमेलो खाऊ दिला नाहीत."

"आणि लाल?"

"सेम बोन्स, बाबा."

माणूस आयुष्यभर काय सांभाळतो आणि कुठे फसतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या लेकीला वाढदिवसांच्या पार्ट्यांतून उपाशी आणलं, तिच्यापुढे बापाच्या ओठांना निळा रंग लागलेला होता. आणि त्याच क्षणी पोटात गडगडलं, कळ आली आणि पुढचं सगळं अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. डोरीन टाळ्या वाजवत आली. डॉक्टरांनी हसत सही केली.

सात वाजायच्या थोडं आधी जगन्नाथराव पोटाशी उशी धरून यंत्रापुढे उभे राहिले. पडद्यावर पहिलं नाव होतं, दुसरं होतं, आणि खाली निमूटपणे तिसरंही होतं. त्यांनी बोट उचललं.

गाडीत बसल्यावर सुमित्राबाईंनी विचारलं, "दिलंत तिसऱ्याला?"

"मत वाया गेलं असतं."

"मग कुणाला दिलंत?"

"दोघांत जरा बरा होता त्याला."

"आहे कशाचा, ते पाहिलंत?"



जगन्नाथरावांनी कोणता रंग निवडला ते इथे सांगत नाही. तुम्ही तो केव्हाच ओळखला आहे, आणि तो तुमच्याच आवडीचा निघाला आहे. आता हसून झालं असेल तर बोटाकडे एकदा पाहा. त्यांच्यापुढे वाट्या दोनच होत्या. आपल्यापुढे दर निवडणुकीला चांगलं भरलेलं ताट येतं, आणि शाई वाळेपर्यंत आपण रंगाबद्दलच भांडत असतो.