केल्याशिवाय भूतकाळ नाही

"स्पॅनिश ना? महिन्याभरात खिशात!" स्टोअरकीपरांनी छाती फुगवून जाहीर केलं. मुलाने परदेशात मुलगी पसंत केली होती. तिच्या आईला स्पॅनिशखेरीज अक्षर कळत नव्हतं, आणि सासरचं घर पारखल्याशिवाय ती होकार देणार नव्हती. त्यासाठी महिनाअखेरच्या रविवारी व्हिडिओ कॉल ठरला.

शिकवणीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी नियमित क्रियापदांचा भूतकाळ काढला. "शेवटचं 'आर' कापा, 'ए' चिकटवा. 'लाबार' म्हणजे धुणं, 'लाबे' म्हणजे मी धुतलं."

"लाबे लोस प्लातोस!" स्टोअरकीपर ऐटीत म्हणाले. "मी भांडी धुतली!"

"कधी?" आतून बायकोने विचारलं.

बाई कडक. "खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही. आधी करायचं, मग भूतकाळात बोलायचं!"

झालं! गोदामात चाळीस माणसांना कामाला लावणारा माणूस घरी ओट्याशी जुंपला गेला. 'प्लांचे', म्हणजे इस्त्री केली, हे शिकताना कॉलसाठी ठेवलेला सदरा जळाला. बाईंनी शांतपणे 'केमे', म्हणजे जाळलं, हेही लिहून दिलं. तेही नियमितच! रविवारी सकाळी 'पिंते', म्हणजे रंगवलं, तेवढं उरलं होतं. त्यांनी दार रंगवलं आणि त्यालाच टेकून उजळणी केली. पाठ पोपटासारखी हिरवीगार!

"अहो, काही झालं तरी वळू नका!" बायको दटावत होती, तोवर कॉल लागला.

विहीणबाई आयकर अधिकाऱ्यासारख्या बघत होत्या. स्टोअरकीपरांचं पाठ केलेलं भाषण क्षणात गुल! तोंडातून निघालं ते फक्त खरोखर केलेलं: भांडी धुतली, इस्त्री केली, सदरा जाळला, दार रंगवलं! आणि पुरावा म्हणून ते चक्क वळले!

विहीणबाई हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात! मग त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याला काहीतरी सुनावलं.

"बाबा, होकार!" पलीकडे विहीणबाईंजवळ बसलेला मुलगा ओरडला. "म्हणताहेत, असा सासरा असेल तर आमची मुलगी सुखात राहील."

"आणि व्याही कुठे उठून गेले?" स्टोअरकीपरांनी विचारलं.

"भांडी धुवायला."

दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपरांनी बाईंना हळूच विचारलं, "आता भविष्यकाळ घेऊ या? त्यात आधी काही करावं लागत नाही ना?"

"तो नका हो शिकवू!" बायको म्हणाली. "तो यांना पक्का येतो. तीस वर्षं तोच ऐकतेय. आणीन, बघीन, करीन!"

'सुधारेन' म्हणायला स्टोअरकीपरांनी तोंड उघडलं, आणि मुकाट्याने मिटलं.