बापूंचे सावकाश चार्जिंग

मोबाईल फार लवकर चार्ज होतो, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. माझ्या समोरच्या बंगल्यात राहतो. त्या दिवशी त्याला स्कूटरवर बसवून राजारामपुरीत मीच घेऊन गेलो होतो, त्यामुळे या गुन्ह्यात माझाही हात आहे.

गाडीत बसवतात तसल्या चार्जिंगच्या पॉइंटचं खोकं काउंटरवर ठेवत बापू चौगुले दुकानदाराला म्हणाले, "हे परत घ्या. पाऊण तासात मोबाईल भरतोय. मला चार तास लागणारं द्या." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलची कव्हरं फार बारकाईनं बघू लागलो. शेवटी त्यानं माळ्यावरून कोणी न विचारलेला जुना माल काढला, वरची धूळ फुंकली आणि सहा पॉइंट बापूंच्या हातात ठेवले. लग्नात आहेर मिळावा तसे बापू ते छातीशी धरून घरी आले.

बापू वीज खात्यात वायरमन होते. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक जयसिंगपूर-कुरुंदवाडच्या बाजूला. निवृत्त होऊन कोल्हापुरात आले, पण खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. तो सदऱ्यालाच नव्हे, बंडीलाही अडकवलेला असतो. माणसांचेही त्यांच्या लेखी दोनच प्रकार आहेत, अर्थिंग असलेली आणि नसलेली. मी कोणत्या प्रकारात बसतो हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

जेवायला बसले की आधी जाहीर करतात, "माझा मंजूर लोड दोन चपात्या." मग पाच खातात आणि लोड वाढवून घेतल्याचं सांगतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा आम्ही मुलाचं शिक्षण, नोकरी असल्या किरकोळ गोष्टी विचारत होतो. बापूंनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "पावणं, घराला अर्थिंग कसलं हाय? पाइपाचं का प्लेटचं?" पाहुण्यांना सांगता येईना. लग्न तरीही झालं, आणि त्याचं श्रेय बापू आजतागायत घेतात.

असा हा माणूस गेल्या वर्षी मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघू लागला आणि त्यात त्याला मोटारीच्या मागे घर जोडून हिंडणारी गोरी माणसं दिसली. झालं. मे महिन्यात पुण्याहून मुलगा सतीश, सून आणि दोन नातवंडं दोन दिवसांसाठी येणार होती. बापूंची बायको वारल्यापासून ती मंडळी वर्षातून जेमतेम दोनदा येतात. बापूंनी ठरवलं की या खेपेला सगळ्यांना कॅम्पिंगला न्यायचं. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरला गाठून दोन महिने त्याचं डोकं खाल्लं आणि एक ट्रेलर बनवून आणला.

तो उभा राहिला माझ्या फाटकासमोर, कारण बापूंच्या फाटकासमोर त्यांची जीप असते. गल्लीत येणारा जाणारा रसवंती कधी चालू होणार ते मला विचारायचा. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, वर सोलरचं पॅनेल, खाली दोन बॅटऱ्या आणि खिडकीखाली एक लांब बाक. एवढं सगळं नीटनेटकं होतं हे मी नाइलाजानं मान्य करतो.

घोटाळा होता तो पॉइंटचा. सहाच्या सहा पॉइंट बापूंनी त्या बाकाच्या वर एका रांगेत बसवले. पलंगांशी एकही नाही. शेगडीपाशी नाही, दारापाशी नाही. त्यात पुन्हा प्रत्येकाला स्वतःच्या हातानं कापून जोडलेली वीतभर वायर, म्हणजे मोबाईल चार्जिंगला लावला की माणसानं तिथंच बसायचं. झोपून बघायची सोय नाही, उठून फिरायची नाही.

मी चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आहे. मला हे बघवेना. मी ट्रेलरचा आराखडा काढला, कुठून कुठे किती अंतर ते लिहिलं, दोन पलंगांशी दोन-दोन आणि शेगडीपाशी व दारापाशी एक-एक अशी पॉइंटची न्याय्य वाटणी करून कागद बापूंना दिला. त्यांनी तो फार आदरानं घेतला आणि घडी करून हलणाऱ्या सिलेंडरखाली सरकवला. सिलेंडर हलायचा थांबला. माझ्या भूमितीचा निवृत्तीनंतर झालेला तो पहिला उपयोग.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी चिडूनच ट्रेलरमध्ये गेलो. बापू बाकावर गुडघे टेकून शेवटचा स्क्रू आवळत होते. मी म्हटलं, अख्खं जग फास्ट चार्जिंगच्या मागे लागलंय आणि तुम्ही दुकानं पालथी घालून मंद माल आणलात, तोही एका कोपऱ्यात कोंबलात. तुमची नातवंडं पहिल्या तासात पुण्याची बस धरतील. आणखीही बरंच बोललो. शिकवायची सवय जात नाही.

बापूंनी मागं वळून पाहिलं नाही. स्क्रू आवळता आवळताच म्हणाले, "मास्तर, लाइट गेली की मी खांबावर चढायचो, तवा गावातली माणसं खाली जमायची. गप्पा हाणायची, चहा आणायची, घरातलं समदं सांगायची. लाइट आली की मी उतरेस्तोवर खाली एक माणूस न्हाय. आलेल्या लाइटीला कोण थांबत न्हाय. येणारीला थांबत्यात."

मग टेस्टर खिशाला अडकवून ते बाकावर बसले. दिवाळीत नातवंडं चार दिवस होती, त्याचं सांगू लागले. घरात मोबाईलचा पॉइंट आतल्या खोलीत आहे. पोरं चार दिवस आतल्या खोलीत होती आणि बापू बाहेरच्या खोलीत. पोरांवर त्यांचा राग नव्हता, मोबाईलवरही नव्हता. "पॉइंट हाय तिथं माणूस बसणारच की," ते म्हणाले. "म्हणून म्हणलं, मी बसतो तिथं पॉइंट आणावा. चार तास तरी बसतील."

मला माझ्या आराखड्याची लाज वाटली आणि मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. सतीश गुणी मुलगा आहे, बापाची काळजी करणारा. आल्या आल्या त्यानं बॅग उघडून पाच पॉवर बँक काढल्या. प्रत्येकाला एक, आणि एक बापूंना. बाबांना या वयात वायरिंगची दगदग नको म्हणून मुद्दाम पुण्याहून आणल्या होत्या. एकदा भरली की दोन दिवस बघायला नको, असं त्यानं मला समजावून सांगितलं. बापूंनी ती पॉवर बँक हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "झाक हाय."

नृसिंहवाडीच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात ट्रेलर उभा करायचं ठरलं होतं. जीपमध्ये पुढे जागा होती म्हणून मलाही नेलं. आंब्याखाली ट्रेलर लागला, चहा झाला, आणि नात रिया एका पलंगावर आडवी झाली, नातू ओम दुसऱ्यावर. उशाशी पॉवर बँक, हातात मोबाईल. सूनबाई लॅपटॉप घेऊन आंब्याखाली बसली, सतीश फोनवर बोलत बांधावरून फेऱ्या मारू लागला. सगळे खुशीत होते. ट्रेलर छान झालाय असं प्रत्येकानं एकदा तरी म्हटलं.

बापू बाकावर बसले होते. त्यांच्या डोक्यावर सहा वायरी ओळीनं लोंबत होत्या. त्यांनी एकदा ओमला विचारलं, "बॅटरी किती हाय रे?" तो म्हणाला, "फुल आहे आजोबा, डोन्ट वरी." बापूंनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांनी कुरुंदवाडच्या खांबावर वानर बसलं होतं त्याची गोष्ट सुरू केली. फार चांगली गोष्ट आहे, मी ती पंधरा वेळा ऐकली आहे. रियानं एका कानातला इयरफोन काढून निम्मी ऐकली. उरलेली निम्मी मी सोळाव्यांदा ऐकली आणि चुकीच्या जागी हसलो.

वाडीला दर्शन झालं, बासुंदी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहायचं होतं, पण सतीशची कसलीशी मीटिंग निघाली आणि मंडळी सकाळीच पुण्याला गेली. जाताना सगळे बापूंच्या पाया पडले. यात कोणाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी फाटकाशी आलो तर ट्रेलरचं दार उघडं होतं. बापू बाकावर बसून फडक्यानं एकेक पॉइंट पुसत होते. पुसायला त्यावर काही बसलंच नव्हतं. एरवी मी काहीतरी खोचक बोलून पुढे गेलो असतो. त्या दिवशी पुढे जाववेना.

मी ट्रेलरमध्ये चढलो. म्हटलं, "बापू, मोबाईलची बॅटरी पार उतरलीय. जरा लावू का?"

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि मधल्या पॉइंटला लावला. पडदा उजळला. त्यावर मोठ्या अक्षरांत आकडा आला, ब्याण्णव टक्के. बापूंनी तो वाचला. चष्मा डोळ्यांवरच होता.

त्यांनी मोबाईल हळूच उपडा ठेवला आणि बाकावर सरकून माझ्यासाठी जागा केली.

"लई उतरलीय मास्तर," ते म्हणाले. "वेळ लागंल. बसा."