बेटावरचा शेजार

पहिल्या दहा मिनिटांत नलू तीनदा मेली. एकदा अस्वलानं फाडली, एकदा थंडीनं गारठली आणि एकदा नुसतीच समुद्रात चालत गेली, कारण थांबायचं बटण तिला सापडेना.

"मेले गो परत," मोबाइल डोळ्यांजवळ नेत ती म्हणाली. आवाजात दुःख अजिबात नव्हतं, नवल होतं. "मेल्यावर परत त्याच किनाऱ्यावर कशी उठते मी? आणि अंगावर कपडे का न्हायत?"

"सगळे तसेच उठतात. हातात फक्त एक दगड," जहुरा म्हणाली. "आता लाकडं तोड. भूक लागली की खा. माणूस दिसला की पळ."

"पळू कशाला? इचारते की, कुठला, कुणाचा."

जहुरानं कपाळावर हात मारून घेतला. खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ती त्याला नुसतं 'बेट' म्हणायची. तिचा मुलगा हुझैफा दोहाला गोदामात नोकरीला लागला, तेव्हा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. फोनवर मायलेकांची गाडी 'जेवलास का' आणि 'जेवलो' यापुढं सरकत नव्हती, म्हणून त्यानं आईला बेटावर बोलावलं. दोन दिवसांत कंटाळेल, असा त्याचा अंदाज. बावन्न वर्षांच्या जहुरानं तिथं घर बांधलं.

खरी गोम त्या घरातच होती. तसं तिचं खाडीकाठचं घर काही लहान नव्हतं. नवऱ्यानं, म्हणजे हमदुल्लानं, सव्वीस वर्षं कुवेतला काढून ते उभं केलं होतं. पुढं चार खांब, त्यांना गुलाबी रंग, सगळी शोभा रस्त्याकडं. नकाशा त्याचाच. स्वयंपाकघर पार मागं, आणि खाडीच्या अंगाला सलग भिंत, का तर 'खारा वारा भांडी खातो'. भर दुपारी ट्यूबलाइट लावून जहुरानं एकोणीस वर्षं त्या भिंतीकडं तोंड करून भाकऱ्या थापल्या. बेटावर मात्र तिनं आधी समुद्राकडं तोंड करून चूल मांडली आणि तिच्यावर ही एवढी मोठी खिडकी ठेवली. खिडकी कुठं असावी, हे आयुष्यात पहिल्यांदा तिनं ठरवलं होतं. त्या लाकडी घरावर तिचा जीव जडला होता.

आणि तेच घर आता जायची पाळी आली होती. किनाऱ्याच्या वळणावर, खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीवर पाच जणांची टोळी राहायची. लोकांची घरं बारुदीनं उडवायची आणि आतलं सगळं उचलून न्यायचं, हा त्यांचा उद्योग. हुझैफा त्याला 'रेड' म्हणायचा.

"अम्मी, आता आपला नंबर आहे," त्यानं बजावलं होतं. "मी ड्यूटीवर, तू नमाजला नाहीतर चुलीपाशी. पहाऱ्याला तिसरं माणूस पाहिजे. शुक्रवारी तसाही वाइप आहे, पण तोवर तरी घर टिकवू."

वाइप म्हणजे लादी पुसतात तसलं काहीतरी असणार, असं समजून जहुरानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिसरं माणूस म्हणून तिला एकच नाव सुचलं. नलू शेजारच्या वाडीतली, भातशेती करणारी, तीस वर्षांची मैत्रीण. ईदचा शीरखुर्मा ज्या डब्यातून तिच्याकडं जायचा, त्याच डब्यातून वालाचं बिरडं परत यायचं. तीस वर्षांत तो डबा एकदाही रिकामा फिरला नव्हता.

सोमवारी नलू मरायला शिकली, मंगळवारी जगायला. हे बेट कुणाच्या नावावर हाय, इथं पाऊस कवा लागतो, अस्वलाला पिल्लं किती, असं विचारून तिनं जहुराला भंडावून सोडलं. पण दुपारी दार लावून पहारा करण्याइतपत ती तयार झाली, आणि जहुरा निर्धास्त मनानं असरच्या नमाजला गेली.

परत आली तेव्हा नलू मोबाइल मांडीवर ठेवून खुशीत बसली होती.

"झाला पहारा?"

"एकदम बेस. एक जण आलता. तोंडाला काळं फडकं. घराभोवती फिरला, भिंती ठोकून बघितल्या. तेवढ्यात अस्वल आलं आणि बिचाऱ्याला फाडलं. त्याच्या सामानाची पेटी आपल्या दारात पडली."

"बरी खोड मोडली! पेटीतलं घेतलंस ना?"

"मटण होतं थोडं. भूक लागलेली, खाल्लं. मंग पेटी देऊन आले."

"कुणाला?"

"टेकडीवर. त्यांचीच ना ती?"

जहुरा हळूच खाली बसली. "तू टेकडीवर गेलीस? मारलं नाय तुला?"

"बंदुका रोखल्या व्हत्या. मी पेटी खाली ठेवली आणि दोन उड्या मारल्या."

"उड्या?"

"नमस्काराचं बटण सापडंना. उडीचं तेवढं येतंय मला. तेही बघतच राहिले." नलू पुढं सरकली. "आता पेटी रिकामी कशी द्यायची? म्हणून आपल्या कोठारातली ती काळी मिसरी भरली. मला तर इचारायचंच व्हतं, पोतंभर मिसरी साठवलीस, दात किती हायत गो तुला?"

ती मिसरी नव्हती. हुझैफानं तीन आठवडे गंधक खणून, कोळसा कुटून केलेली बारूद होती.

नेमका त्याच वेळी हुझैफा दोहाहून बेटावर उगवला. लॅपटॉपमधून आवाज आला, "अम्मी, कोठार रिकामं कसं?"

"नलूमावशीनं शेजाऱ्यांना दिली," जहुरा चाचरत म्हणाली.

"कुठले शेजारी?" मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "या अल्ला! अम्मी, आपलं घर उडवायला त्यांना बारूदच कमी पडत होती!"

"रिकामं भांडं परत धाडू नये," नलू लॅपटॉपकडं बघून ठामपणे म्हणाली.

"ते मला नको शिकवू!" जहुरा कडाडली. "पण दुश्मनाला?"

"दुश्मन झाला म्हणून काय रिकामी पेटी देऊ? माझी सासू वर बसून बघतेय."

"एक घर होतं गो माझं. एकच. तेपण वाटून टाकलंस."

नलूनं आजूबाजूला बघितलं. "आणि हे चार खांबांचं?"

"हे त्यांचं हाय," जहुरा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नलू चपला घालून निघून गेली.

बुधवारी नलू आली नाही. जहुरा एकटीच खिडकीत उभी राहून टेकडीकडं बघत राहिली. तिकडून ना गोळी, ना माणूस. बारूद मिळाली तरी येत का नाहीत मेले, हे तिला कळेना. त्याहून वाईट म्हणजे, हे नवल बोलून दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. नाही म्हणायला हमदुल्ला पाण्याचा तांब्या घ्यायला आत आला आणि "अजून लहान हायस का गो?" असं विचारून परत पडवीत रस्ता बघत बसला.

गुरुवारी दुपारी जहुरानं नलूला फोन लावला.

"रागावलीस?"

"व्हय."

"आपल्या दारात पेटी आलीय."

"टेकडीवरनं?"

"तिकडूनच. हुझैफा म्हणतो बॉम्ब असणार, हात लावू नको."

"पण आत काय हाय?"

"उघडली नाय अजून."

"उघडू नको हां! मी आले."

नलू आली ती पिठानं भरलेल्या हातांनीच. दोघींनी श्वास रोखून पेटी उघडली. आत भोपळे होते. अकरा.

"बघ!" नलूचा चेहरा फुलला. "चांगल्या घरची माणसं हायत. उगाच नावं ठेवलीस."

"बारूद नाय आली परत."

"दिलेलं परत मागतात व्हय कुणी? बरं, आता ही पेटी..."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. हुझैफा ड्यूटीवर होता, विचारणारं कुणी नव्हतं. जहुरानं मुकाट्यानं चुलीवर भाजलेले मासे पेटीत भरले. वर चार लोकरी टोप्या घातल्या, मग पाचवा माणूस उघडा राहील म्हणून आपल्या डोक्यावरची काढून दिली. शुक्रवारी दुपारपर्यंत त्या पेटीनं चार खेपा केल्या. मध आला, मक्याची कणसं गेली, हरणाचं कातडं आलं. पुढच्या खेपेला काय येईल, या विचारात जहुराची आमटी दोनदा उतू गेली.

शुक्रवारी हुझैफाला सुट्टी होती. तो बेटावर आला आणि आल्या आल्या ओरडला, "अम्मी, दार लाव! पाचही जण आलेत! रेड!"

खरंच पाचही जण दारात उभे होते. अंगावर लोखंडी चिलखतं, हातात बंदुका, डोक्यावर लोकरी टोप्या. घरात बारुदीचा कणही नव्हता, लढायला दोन कुऱ्हाडी आणि नलू. एवढ्यात पुढच्या माणसानं दोन उड्या मारल्या. मग पाचही जणांनी एकदम दोन-दोन उड्या मारल्या.

"नमस्कार करतायत," नलू म्हणाली आणि तिनंही दोन मारल्या.

बाहेरून बोलण्याचा आवाज आला. भाषा भलतीच.

"थांबा, हे आमच्या गोदामातल्या फिलिपिनो लोकांसारखं बोलतायत," हुझैफा म्हणाला. "मला थोडं कळतं. म्हणतायत, महिनाभर सगळे आमच्यावर गोळ्याच झाडतात, पहिल्यांदा कुणीतरी काही दिलं. पण त्यांना एक गोष्ट समजली नाही. ती बारूद कशासाठी होती? धमकी होती का?"

"सांग त्यांना, दात घासा म्हणावं," नलू म्हणाली.

हुझैफानं ते कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण बाहेर हशा पिकला. मग म्होरक्यानं आणखी काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, टेकडीवरून तुमची ती मोठी खिडकी रोज दिसते. एकदा आतून बघता येईल का? अम्मी, दार उघडू नको हां. ही त्यांची चाल असणार. अम्मी! अम्मी, ऐकतेस का?"

जहुरानं दार उघडलं होतं. पाच दांडगे गडी चिलखतं खडखडवत आत आले आणि चुलीपाशी खिडकीसमोर ओळीनं उभे राहिले. बाहेर बेटावरचा सूर्य पाण्यात उतरत होता. कुणी भिंत फोडली नाही, कुणी कोठाराला हात लावला नाही. म्होरक्या हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"म्हणतो, एवढी झकास जागा सबंध बेटावर कुणाला सुचली नाही," हुझैफानं सांगितलं. "विचारतो, घर कुणी बांधलं?"

"सांग, मी," जहुरा म्हणाली. "सांग, सगळं मीच. खिडकीपण."

एकोणीस वर्षांत तिच्या स्वयंपाकघरात येऊन कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. आज परमुलखातले पाच दरोडेखोर म्हणत होते. तिला इतका आनंद झाला की तिनं नलूचा हात घट्ट धरला.

पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली.

"अम्मी, वाइप. पाच मिनिटं राहिली."

"पुसू दे लादी. पाहुण्यांना जरा बाजूला व्हायला सांग."

"लादी नाही गं. बेट पुसतात. सगळं, सगळ्यांचं. दर महिन्याला. मग नवं बेट, नवा दगड." तो ओशाळला. "मी सांगितलं होतं की तुला."

पाहुण्यांनी निरोपाच्या दोन उड्या मारल्या. मग खिडकी गेली, चूल गेली, समुद्र गेला आणि पडदा काळा झाला.

जहुरा रडली. लपूनछपून नाही, चांगली हुंदके देऊन रडली. नलू पदरानं तिचे डोळे पुसत म्हणाली, "परत बांधू. आता लाकूड तोडायला मीपण हाय ना."

"बांधू," जहुरा म्हणाली. नाक पुसून तिनं मान वर केली, तर काळ्या पडद्याच्या मागं, ट्यूबलाइटच्या उजेडात, तिची ती सलग भिंत. ती तिच्याकडं बघतच राहिली.

"नलू, ह्या भिंतीपलीकडं काय हाय गो?"

"खाडी. दुसरं काय असणार?"

शनिवारी सकाळी सदा गवंडी घण घेऊन दारात हजर. पहिल्या ठोक्यालाच हमदुल्ला पडवीतून धावत आला.

"अगो, कुणाला इचारून? अरे सदा, थांब! खारा वारा येईल, भांडी खाईल!"

"खाऊ दे," जहुरा म्हणाली. "एकोणीस वर्षं ती भांडी मला खातायत. सदा, इथून फोड. इथून. थोडं डावीकडं."

हमदुल्लानं नकाशाची आठवण दिली, कुवेतच्या उन्हाची दिली, जेवण सोडायची धमकीही दिली. भिंतीला भोक पडलं तशी त्यातून दिघीची खाडी आत आली, भरतीचं पाणी, आगरदांड्याकडं निघालेली फेरीबोट, तिच्यावर घिरट्या घालणारे पक्षी. मग हमदुल्लानं पडवीतली खुर्ची आणून खिडकीपाशी टाकली आणि बसला, तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. जहुरा-नलूला उभ्यानंच खाडी बघावी लागली.

"फेरी परत येतेय बघा," तो मान न वळवता म्हणाला. "जहुरा, चहा टाक ना. इथंच दे."

"तुम्हीच टाका. शेगडी तुमच्या उजव्या हाताला हाय."

हमदुल्लानं दोघींकडं बघितलं, शेगडीकडं बघितलं आणि नाइलाजानं उठला. खुर्ची रिकामी झाल्याबरोबर जहुरा तिच्यावर बसली, नलू खुर्चीच्या हातावर टेकली. मागं बराच वेळ डब्यांची झाकणं उघडत होती, मिटत होती.

"अगो," शेवटी तो म्हणाला, "ह्या घरात साखर कुठं असते?"