सिंधुबाईंचा चमचा

"सहा लेकरं वाढवलीत मी! तुझी ही जिऱ्याएवढी पिल्लं काय जड हायेत?"

पदर खोचून सिंधुबाईंनी सुनेला, वर्षाराणीला, चार दिवसांच्या प्रशिक्षणाला नांदेडला धाडलं.

वर्षाराणीनं देगलूरजवळ माशांची हॅचरी काढली होती. चार टाक्यांत रोहूची लाखो पिल्लं, पापणीच्या केसाएवढी! सोमवारी ती चाकूरच्या तलावात सोडायला द्यायची होती. पहिलीच मागणी, ती हुकली तर पुन्हा कोण विचारणार?

"आत्याबाई, उकडलेल्या अंड्याचं पिवळं गाळून घालायचं. टाकीला एकच चमचा!"

"हाव! जा तू."

दोन दिवस पिल्लं नाचली. तिसऱ्या दिवशी पटापट तळाशी पडू लागली!

सिंधुबाईंना पटकीचं वर्ष आठवलं. तेव्हा त्यांच्या वडिलांनी विहिरीत औषध टाकून पाणी गुलाबी केलं होतं, गाव वाचवलं होतं! त्यांनी तसल्याच गुलाबी पाण्याचं घमेलं हॅचरीच्या दारात ठेवलं आणि स्वतः पहाऱ्याला बसल्या.

"पाय बुडव, मगच आत!"

"माय, मोजे हायेत पायात!" लेक दयानंद ओरडला.

"मोज्यासकट बुडव!"

औषधाचा डाग बसून दयानंदचे पाय तपकिरी झाले, दूधवाल्याचे झाले, चुकून शिरलेल्या शेळीचे चारही झाले! पिल्लं मरतच राहिली. घरातली अंडी मात्र भराभर संपत होती.

दयानंदचा फोन गेला तशी शनिवारी वर्षाराणी धावत आली, सोबत माशांचे रोग तपासणारा आलोक. त्यानं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

"बाप रे! जिवाणू नुसते खचाखच भरलेत!"

"आले कुठून? दारात तर मी बसले होते!"

"दारातून नाही, आजी. तळाशी अन्न सडलंय. त्यावरच वाढलेत."

वर्षाराणीनं सासूकडं पाहिलं. "आत्याबाई, चमचा एकच ना?"

"एकच की!"

"दाखवा बरं."

सिंधुबाईंनी पदराआडून चमचा काढला. वरण वाढायची पळी!

"वाढत्या लेकरांना ताकद नको व्हय?" त्या पुटपुटल्या.

तळ उपसला, पाणी बदललं, पिल्लांना दिवसभर उपास! सिंधुबाईंनीही घास घेतला नाही. एक टाकी गेलीच. पण सोमवारी उरलेल्या तिन्ही टाक्यांतली पिल्लं उड्या मारत चाकूरला निघाली!

त्या आनंदात जेवणाची पंगत बसली. सिंधुबाईंनी आलोकला तिसऱ्यांदा वरण वाढायला पळी उचलली. त्यानं दोन्ही हातांनी ताट झाकलं.

"आजी, बास! मी टाकीतला नाही!"

सिंधुबाई ओशाळल्या. त्यांनी पळी खाली ठेवली.

आणि भाकरी वाढली.