घळीला उसना दिलेला नमुना

मंगळवारी साडेदहाला तांबडघळीतली रानशेवंती आपली नोंद करून घ्यायला वनस्पतिसंग्रहालयात आली आणि रांग नसल्यामुळे थेट साहेबांसमोरच्या खुर्चीवर बसली. वाळवंटातून एसटीनं आली होती बिचारी. मुळांना लाल माती होती, तेवढीच फरशी घाण झाली.

तिचं काम साधं होतं. दप्तरी तिची शेवटची नोंद त्र्याऐंशी वर्षांपूर्वीची. आज संध्याकाळपर्यंत नवी झाली नाही, तर घळीत काही उगवतच नाही असं धरून गुरुवारी खडीसाठी सुरुंग लागणार होते.

"नमुना आणलात?" डबीरसाहेबांनी विचारलं.

"मीच आलेय की."

"समोर बसलेल्यांची नोंद होत नाही, बाई. कागदावर चिकटवलेल्यांची होते. मुळासकट उपटलेला, वाळवलेला, दाबलेला नमुना लागतो."

"म्हणजे जिवंत आहे हे दाखवायला मरायचं?"

"नियम मी केलेला नाही," म्हणत साहेबांनी बशीत चहा ओतला.

कोपऱ्यात खळ ढवळणाऱ्या विशाखाताई टेंगशेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं त्या मेलेली रोपं कागदावर चिकटवत होत्या. हे एवढंसं रोप तिकीट काढून येतं आणि हा माणूस चहा पीत पीत त्याला मरायला सांगतो! त्यांनी कोरा कागद उचलला आणि शेवंतीच्या पाठीला लावला. देठावर दोन पट्ट्या, पानांवर तीन.

"हलू नकोस गं. साहेब, मुळासकट आहे?"

"दिसतंय."

"वाळलेली?"

"तीन वर्षं पाऊस नाही," शेवंती म्हणाली.

"दाबलेली?"

"जन्म दगडाखाली गेलाय."

साहेबांना खुसपट सापडेना. त्यांनी शिक्का मारला आणि कपाट उघडलं. "चला, आत. नमुना बाहेर राहत नाही."

शेवंतीनं खुर्ची घट्ट धरली. "घळीत माझं बी पडलंय, साहेब. त्यावर सावली कोण धरणार?"

"नमुना उसना जातो!" विशाखाताई कडाडल्या. "दुसऱ्या संस्थांना अभ्यासाला देतोच ना आपण? करा सही." त्यांनी अर्ज साहेबांपुढे आदळला. संस्थेच्या रकान्यात 'तांबडघळ' लिहिलं होतं. साहेबांनी दोनदा वाचलं. पत्ता पूर्ण होता, पिनकोडसुद्धा होता. त्यांनी सही केली.

शेवंती पाठीवरचा कागद सांभाळत सव्वाचारच्या गाडीनं परतली. सुरुंग लागले नाहीत. नमुना परत करावा, असं पत्र दरवर्षी घळीला जातं. अभ्यास चालू आहे, असं घळीचं उत्तर येतं.

परवा तीन कोवळी रोपं येऊन बाकावर बसली. मुळं जमिनीला पुरत नव्हती.

"समोर बसलेल्यांची नोंद..." साहेबांनी सुरुवात केली.

विशाखाताईंनी खळीचं पातेलं त्यांच्या टेबलावर आपटलं.